४,८०० चा शेअर की ७५ चा? जुन्या भावाचं एक प्रकरण

दापोली तालुक्यातलं, हर्णै-मुरुडच्या किनारपट्टीवरचं एक घर. कुटुंब इथे नमुन्यादाखल घेतलं आहे. कंपनी आणि तिच्या शेअरचा इतिहास खरा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराची कौलं उडाली, तेव्हा घाईघाईत पत्रे घातले. खाऱ्या वाऱ्याने ते आता खिळ्यांभोवती गंजून गळायला लागले आहेत. शिमगा झाला की काम काढायचं आणि मिरगाच्या आत छप्पर पुरं करायचं, असं ठरलं आहे. खर्चाचा अंदाज पाच लाखांच्या थोडा वर.

वडिलांनी मुंबईत नोकरीत असताना, २००३ च्या अखेरीस, इन्फोसिसचे १० शेअर घेतले होते. ट्रंकेत जपून ठेवलेल्या बिलावर दर आहे ४,८०० रुपये, एकूण ४८,०००. त्यानंतर एकही शेअर त्यांनी घेतला नाही की विकला नाही. आज त्यांच्या डीमॅट खात्यात ६४० शेअर दिसतात आणि चालू भाव १,५०० धरला आहे. (भाव हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.)

वडील विकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, "चार हजार आठशेला घेतलेला शेअर दीड हजारावर आलाय. एवढा तोटा खाऊन कशाला विकायचा?"

मुलगा मोबाइल पुढे धरतो. त्यावरच्या आलेखात २००३ च्या त्याच आठवड्याचा भाव ७५ रुपयांच्या आसपास दिसतो. "बाबा, तेव्हा हा शेअर पंच्याहत्तरला होता. तुम्हाला दलालाने चार हजार आठशेला कसा दिला?"

म्हणजे एका घरात, एकाच शेअरबद्दल, वडिलांना ६९ टक्के तोटा दिसतोय आणि मुलाला वीस पट नफा, शिवाय दलालावर संशय. बिलावरचा आकडा खरा आहे आणि मोबाइलवरचाही. दोघं मोजतायत ती वस्तू मात्र एक नाही.

कोकणात हे समजावणं सोपं आहे. आंब्याची पेटी अमुक हजाराला गेली असं कोणी म्हटलं, तर बागायतदार आधी विचारतो: किती डझनाची? चार डझनाच्या पेटीचा भाव आणि आठ डझनाच्या पेटीचा भाव शेजारी मांडून कोणी तेजी-मंदी ठरवत नाही. शेअरचंही तेच. २००३ मधला एक इन्फोसिस आणि आजचा एक इन्फोसिस या दोन वेगळ्या मापाच्या पेट्या आहेत. मधल्या काळात कंपनीने पाच वेळा बोनस शेअर, म्हणजे हातातल्या शेअरमागे फुकट मिळणारे जादा शेअर, दिले आणि प्रत्येक वेळी माप बदललं.

ते पाच बोनस असे. जुलै २००४ मध्ये एका शेअरमागे तीन. जुलै २००६ मध्ये एकास एक. डिसेंबर २०१४ मध्ये एकास एक. जून २०१५ मध्ये पुन्हा एकास एक. सप्टेंबर २०१८ मध्ये आणखी एकास एक. वडिलांचे शेअर १० चे ४०, मग ८०, १६०, ३२० आणि शेवटी ६४० झाले. बोनसमध्ये कंपनीकडे एक रुपयाही नवा येत नाही, धंदाही तोच राहतो. त्यामुळे शेअर चौपट झाले की भाव पाव होतो. आलेख काढणारी ॲप हा बदल मागे जाऊन जुन्या भावांत मुरवतात. जुलै २००४ च्या आधीच्या प्रत्येक भावाला ६४ ने भागतात, आणि ४,८०० भागिले ६४ म्हणजे ७५. मुलाला दिसलेला आकडा तिथून आला.

भागाकाराचा आकडा सगळीकडे ६४ नसतो, आणि चुका इथेच होतात. जुलै २००४ ते जुलै २००६ या काळातल्या भावाला १६ ने भागायचं. तिथून डिसेंबर २०१४ पर्यंत ८ ने, जून २०१५ पर्यंत ४ ने, सप्टेंबर २०१८ पर्यंत २ ने. त्यानंतरचा भाव जसाच्या तसा. ही सहा ओळींची पट्टी वहीत एकदा लिहून ठेवली की कुठलाही जुना भाव आजच्या मापात आणता येतो आणि उलटही करता येतो. पट्टी आजपासून मागे बांधत जायची. जुन्या टोकापासून सुरुवात केली की हमखास एखादा बोनस सुटतो. बोनसची यादी कंपनीच्या गुंतवणूकदार विभागात आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, कॉर्पोरेट ॲक्शनच्या (बोनससारख्या घडामोडींच्या) पानावर मिळते. दोन्हीकडची जुळवून घ्यावी.

एखाद्या साइटवरचा भाव समायोजित (म्हणजे बोनसचा बदल मुरवलेला) आहे की मूळ, हे ओळखायची खात्रीची खूण म्हणजे बोनसची एक्स-डेट. त्या दिवसापासून शेअर बोनसविना विकला जातो. डिसेंबर २०१४ चे दहा-बारा दिवस उघडून बघा. भाव एका रात्रीत निम्मा झालेला दिसला तर आकडे मूळ आहेत. रेघ सरळ पुढे गेली असेल तर समायोजित. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या स्वतःच्या पानांवरचे ऐतिहासिक भाव मूळ असतात, तर आलेखाची ॲप आणि बहुतेक आर्थिक संकेतस्थळं समायोजित भाव दाखवतात. काही परदेशी संकेतस्थळं एक पाऊल पुढे जाऊन लाभांशही वजा करतात, म्हणून तिथे त्याच दिवसाचा भाव ७५ च्याही खाली दिसतो. लाभांश धरून एकूण परतावा किती झाला हे बघायला तो आकडा चांगला. पण त्या भावाला तो शेअर कधीच कोणी विकत घेतलेला नाही, त्यामुळे खरेदीची किंमत म्हणून तो कुठेही लिहू नये.

आता दलालाचा प्रश्न, कारण संशय मनात ठेवून पुढे जाता येत नाही. त्यासाठी त्या दिवसाची भावकॉपी काढायची. एक्स्चेंज रोज संध्याकाळी ही फाइल प्रसिद्ध करतं आणि जुन्या तारखांच्या फाइलीही उपलब्ध असतात. तीत प्रत्येक कंपनीची एक ओळ असते: पहिला भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, शेवटच्या सौद्याचा भाव, आदल्या दिवशीचा बंद भाव, किती शेअरची उलाढाल, किती रुपयांची. बिलावरचा दर त्या दिवसाच्या नीचांक आणि उच्चांकाच्या मध्ये बसला की दर खरा. दलाली आणि कर बिलात वेगळे लिहिलेले असतात, ते दरात मिसळायचे नाहीत.

इथे मुलगा अडकतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या २००३ च्या फाइलीत तो इन्फोसिसचं आजचं चिन्ह (बाजारातलं अक्षरी लघुनाव) शोधतो आणि काहीच सापडत नाही. कारण कंपनीचं नाव तेव्हा इन्फोसिस टेक्नॉलॉजीज होतं. जून २०११ मध्ये ते नुसतं इन्फोसिस झालं आणि चिन्हही त्याच वेळी बदललं. मुंबई शेअर बाजारातला आकडी कोड ५००२०९ मात्र तोच राहिला, म्हणून जुन्या नोंदी तिथे शोधणं सोपं जातं. आणखी एक गल्लत याच कंपनीबाबत होते. इन्फोसिसच्या शेअरवर आधारलेले रोखे मार्च १९९९ पासून अमेरिकेत नॅसडॅकवर होते आणि डिसेंबर २०१२ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात आहेत. शोधताना बरेचदा तेच पान आधी समोर येतं आणि डॉलरमधला आकडा रुपयांचा समजून वहीत उतरतो. चलनाची खूण आधी बघावी.

बंद भाव आणि शेवटच्या सौद्याचा भाव यांतही फरक आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, म्हणजे ३ ते ३:३० मधल्या सौद्यांची भारित सरासरी (जास्त शेअरच्या सौद्याला जास्त वजन). त्यामुळे साडेतीनला मोबाइलवर दिसलेला आकडा आणि संध्याकाळच्या फाइलीतला आकडा दोन-चार रुपयांनी वेगळा निघाला तर गोंधळू नये.

एवढं झाल्यावर वडिलांचा तोटा उरत नाही. ४८,००० रुपये घातले, आज ६४० गुणिले १,५०० म्हणजे ९,६०,००० आहेत. वीस पट, साधारण २२ वर्षांत. लाभांश सोडून हा वर्षाला १४.६ टक्क्यांच्या आसपासचा चक्रवाढ दर होतो. वीस पट ऐकून डोळे विस्फारतात, पण १४.६ हा जास्त उपयोगाचा आकडा, कारण तो मुदत ठेवीशेजारी किंवा बागेच्या उत्पन्नाशेजारी ठेवता येतो. हा आकडा सगळ्या शेअरना लागू समजायचाही नाही. त्याच काळात सत्यम कॉम्प्युटरही तितकीच नावाजलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ ला तिचा गैरव्यवहार उघड झाला, एका दिवसात भाव पाऊणहून अधिक पडला आणि २०१३ मध्ये १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २ शेअर देऊन ती विलीन झाली. आजच्या ॲपमध्ये तिचा आलेख शोधून सापडत नाही. जुन्या भावांचा अभ्यास करताना जे नाव आज दिसतंय ते तगलेलं आहे, हे ध्यानात ठेवावं लागतं.

वडील तयार झाले. पण प्रकरणातला अवघड भाग इथून पुढे आहे, आणि तिथे मुलाचा समायोजित भाव त्याला सरळ महागात नेतो.

ॲपमध्ये 'सरासरी खरेदी किंमत' म्हणून ७५ दिसतं. मुलाचा विचार असा: छपरासाठी साडेतीनशेच्या वर शेअर विकू, धरा ३५३. विक्री ५,२९,५००. खर्च ३५३ गुणिले ७५. नफा ५,०३,०२५. २३ जुलै २०२४ पासून सूचीबद्ध शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट आणि वरच्या रकमेवर १२.५ टक्के कर आहे. म्हणजे ३,७८,०२५ वर कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ४९ हजारांच्या थोडं वर.

हा कर त्यांना लागूच होत नाही. प्राप्तिकर समायोजित भाव मानत नाही. प्रत्येक शेअर कधी आला आणि तेव्हा काय मोजलं, हे बघतो. त्या नजरेने ६४० शेअरचे तीन गट पडतात.

पहिला गट मूळ १० शेअरचा. यांना खरोखर ४,८०० रुपये मोजले होते. बोनस मिळाला म्हणून करापुरती ही किंमत कमी होत नाही. बोनसच्या शेअरची किंमत शून्य धरतात आणि मूळ शेअरची पूर्ण राहते.

दुसरा गट २००४ ते २०१५ मधल्या बोनसचा, ३१० शेअर. यांची किंमत शून्य. पण २०१८ च्या अर्थसंकल्पाने हा कर पुन्हा आणला तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ करातून सोडली. त्या तारखेच्या आधीपासून असलेल्या शेअरसाठी खरेदी किंमत अशी काढतात: त्या दिवसाचा एक्स्चेंजवरचा सर्वात वरचा भाव आणि विक्रीचा भाव, यांतला कमी असेल तो घ्यायचा, मग तो आणि खरी किंमत, यांतला जास्त असेल तो. लक्षात घ्या, इथे बंद भाव चालत नाही, उच्चांक लागतो. हिशेबासाठी तो १,१५० धरू. विवरणपत्रात भावकॉपीतला आकडा पैशांसकट लिहायचा. इथेच समायोजित आलेख फसवतो. तो ३१ जानेवारी २०१८ ला ५७५ दाखवतो, कारण त्यानंतर सप्टेंबरमध्ये एक बोनस झाला आहे. त्या दिवशी खात्यात ३२० शेअर होते आणि बाजारात भाव ११०० च्या घरात होता. ३२० शेअरना ५७५ लावले तर निम्मी किंमत हातची जाते.

तिसरा गट सप्टेंबर २०१८ च्या बोनसचा, ३२० शेअर. हे ३१ जानेवारीनंतर आले, म्हणून त्यांना ती सवलत नाही आणि त्यांची किंमत शून्य. अनेकजण उत्साहात सगळ्या ६४० शेअरना १,१५० लावतात. ती चूक उलट बाजूची आहे, आणि तिच्यासाठी पुढे नोटीस येऊ शकते.

डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला गेला असं धरतात. त्यामुळे पहिले ३२० विकले की त्यात मूळ १० आणि जुन्या बोनसचे ३१० जातात. मूळ दहांची किंमत ४८,०००, बाकीच्यांची ३१० गुणिले १,१५० म्हणजे ३,५६,५००. बेरीज ४,०४,५००. विक्री ४,८०,०००. नफा फक्त ७५,५००. यात मूळ दहा शेअरवर प्रत्येकी ३,३०० चा तोटाही आला आहे. वडिलांना जाणवणारा तोटा कराच्या वहीत असा प्रत्यक्षात उतरतो, फक्त दहा शेअरपुरता.

सव्वा लाखाच्या सुटीत अजून ४९,५०० ची जागा उरते. तिसऱ्या गटातला प्रत्येक शेअर पूर्ण १,५०० नफ्याचा, म्हणून त्यातले आणखी ३३ बसतात. असे ३५३ शेअर, ५,२९,५०० रुपये आणि कर शून्य. वडिलांना यंदा दुसरा दीर्घकालीन नफा नसला तरच हे गणित लागू. विक्रीची दलाली नफ्यातून वजा होते, एसटीटी (शेअरच्या सौद्यावर लागणारा कर) होत नाही. सौदा ३१ मार्चच्या आत झाला पाहिजे, आणि त्या दिवशीचा भाव १,५०० नसणारच, म्हणून ३३ हा आकडा विकायच्या सकाळी नव्याने काढायचा.

बिल हरवलेलं असतं तर? कोकणातल्या दमट हवेत आणि वाळवीत २० वर्षांचा कागद टिकतोच असं नाही, आणि डॉट मॅट्रिक्सची शाई तर आधीच फिकी होते. अशा वेळी डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून, जुनं व्यवहार विवरण मागवायचं. त्यात शेअर जमा झाल्याची तारीख मिळते. २००३ च्या अखेरीस सौदा आणि त्याची पूर्तता यांत कामकाजाचे दोन दिवस असत, म्हणून साधारण तितकं मागे जाऊन खरेदीची तारीख काढायची. त्या दिवसाची भावकॉपी आणि बँक पासबुकातली रक्कम जुळली की आधार मिळतो. बिल हातात असेल तर आजच त्याचा स्पष्ट फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावा.

बोनसऐवजी कंपनीची विभागणी झाली असेल तर मात्र वरची भागाकाराची पट्टी चालत नाही. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा २० जुलै २०२३ च्या विशेष सत्रात रिलायन्सचा भाव २,८४१.८५ वरून २,५८० ठरला. फरक २६१.८५ चा, म्हणजे बाजाराच्या मापाने ९.२ टक्के. आलेख मागचे भाव या प्रमाणात खाली आणतात. पण करासाठी मूळ खरेदी किंमत कंपनीने कळवलेल्या प्रमाणात वाटायची असते: ९५.३२ टक्के रिलायन्सला आणि ४.६८ टक्के जिओ फायनान्शियलला. हे प्रमाण पुस्तकी मूल्यावरून, म्हणजे कंपनीच्या हिशेबवहीतल्या मूल्यावरून, ठरतं, बाजारभावावरून नाही. ज्यांच्या घरी रिलायन्सचे जुने शेअर आहेत त्यांनी कंपनीचं ते पत्र बिलाबरोबर लावून ठेवावं.

बोनसच्या दिवसांतली एक भीतीही इथेच सांगायला हवी. एक्स-डेटला भाव लगेच उतरतो, नवे शेअर खात्यात यायला काही दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांत खात्याची किंमत निम्मी झालेली दिसते आणि माणसं घाबरून विकतात. शेअर जमा होईपर्यंत थांबायचं, एवढंच.

मुलाच्या वहीत आता शेवटची नोंद अशी आहे: शिल्लक २८७ शेअर, सगळे सप्टेंबर २०१८ च्या बोनसचे, किंमत शून्य, ३१ जानेवारीचा भाव लागू नाही. आजच्या भावाने वर्षाला ८३ विकले तर नफा १,२४,५००, सुटीच्या आत. त्याखाली बोनसची पट्टी आणि भावकॉपीच्या दोन छापील प्रती चिकटवलेल्या, एक २००३ ची आणि एक ३१ जानेवारी २०१८ ची.